वटवाघूळ म्हणजे सुख, मासा म्हणजे बरकत: चिनी जेडवरची नक्षी 'वाचायची' कशी?

तैवानची राजधानी तैपेईमध्ये 'नॅशनल पॅलेस म्युझियम' आहे. चीनच्या सम्राटांच्या खजिन्यातल्या लाखो वस्तू इथे ठेवल्या आहेत. चित्रं, हस्तलिखितं, चिनी मातीची भांडी, कांस्याची पात्रं असं सगळं. पण पर्यटकांची सगळ्यात जास्त गर्दी होते ती एका कोबीसमोर.

हा कोबी जेड नावाच्या दगडाचा आहे. उंची फक्त १८.७ सेंटिमीटर, म्हणजे हातात सहज मावेल एवढा. आपल्या भाजीवाल्याकडे मिळतो तसा हा गोल गड्डा नाही. चिनी कोबी लांबट असतो. त्याचा देठ पांढरा आणि पानं हिरवी असतात. नीट पाहिलं तर पानांवर दोन कीटक बसलेले दिसतात. एक नाकतोडा आणि एक टोळ.

एखादा कारागीर इतका महाग दगड घेऊन त्यातून कोबी का कोरेल? आणि राजवाड्यात तो कोबी जपून का ठेवला जाईल?

याचं उत्तर एका सवयीत आहे. चिनी जेडवरची नक्षी फक्त बघायची नसते, ती 'वाचायची' असते. त्यावरचं वटवाघूळ, मासा, माकड, फुलदाणी यांतलं प्रत्येक चित्र कुणीतरी कुणासाठी तरी मागितलेलं मागणं असतं. ते वाचायचं कसं, या दगडाला इतका मान का आणि आज हा दगड नेमका कुठून येतो, हे समजून घेऊया.

जेड म्हणजे नेमकं काय?

पहिली गोष्ट म्हणजे जेड हा एक दगड नाही. दोन वेगवेगळ्या दगडांना मिळून जेड म्हटलं जातं.

पहिला नेफ्राइट. चीनमध्ये हजारो वर्षं जेड म्हणून जो दगड वापरला गेला, तो मुख्यतः हाच. याचा सगळ्यात प्रसिद्ध स्रोत म्हणजे आजच्या शिनजियांग प्रांतातलं होतान किंवा खोतान. कुनलुन पर्वतातून वाहत येणाऱ्या दोन नद्यांच्या पात्रात हे दगड सापडतात. त्या नद्यांची नावंच 'पांढऱ्या जेडची नदी' आणि 'काळ्या जेडची नदी' अशा अर्थाची आहेत. नेफ्राइट पांढरा, साईसारखा पिवळसर, करडा, गडद हिरवा अशा रंगांत मिळतो. जुन्या चीनमध्ये सगळ्यात जास्त मान होता तो हिरव्याला नाही, तर तुपासारख्या स्निग्ध पांढऱ्या जेडला. त्याला चिनी भाषेत 'मेंढीच्या चरबीसारखं जेड' म्हणतात.

दुसरा जेडाइट. 'जेड' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जो पाचूसारखा हिरवा रंग येतो, तो बहुतेक वेळा याचा. हा दगड मुख्यतः म्यानमारच्या उत्तरेकडच्या काचिन राज्यातून येतो. चीनमध्ये तो मोठ्या प्रमाणात पोहोचला तो अठराव्या शतकापासून. चिनी भाषेत त्याला 'फेइत्सुई' म्हणतात. खंड्या पक्ष्याच्या पिसांच्या रंगावरून हे नाव आलं. तैपेईचा कोबी याच दगडाचा आहे.

दिसायला दोन्ही सारखे वाटले तरी रासायनिकदृष्ट्या ते पूर्णपणे वेगळे आहेत. नेफ्राइटमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, तर जेडाइटमध्ये सोडियम आणि ॲल्युमिनियम. हे दोन वेगळे खनिज आहेत हे १८६३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ अलेक्सी दामूर यांनी दाखवून दिलं. तोपर्यंत युरोपात दोघांना एकच समजलं जात होतं.

हा दगड कोरता येत नाही, मग नक्षी कशी करतात?

संगमरवरावर छिन्नी-हातोडी चालते. जेडवर ती चालत नाही. नेफ्राइटचे सूक्ष्म तंतू नमद्यासारखे एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. त्यामुळे हा दगड फुटता फुटत नाही. जेडाइटचे कणही असेच एकमेकांत अडकलेले असतात.

म्हणून जेड कोरत नाहीत, घासतात. जुन्या काळी त्याच्यापेक्षा कठीण खनिजाची वाळू पाण्यात कालवून दगडावर सोडायची आणि दोरी, पातं किंवा फिरत्या चकतीने ती घासत राहायचं, ही पद्धत होती. पुढे पायाने चालवायचं चाक आलं. आज हिऱ्याची भुकटी लावलेली विजेवरची हत्यारं वापरतात. तरी मूळ तत्त्व तेच आहे. दगड एका फटक्यात आकार घेत नाही, कण कण झिजून घेतो.

यावरून चिनी भाषेत एक शब्दच रूढ झाला. 'जेड घासून घडवणं' या अर्थाचा जुना शब्द आज 'एखाद्या गोष्टीवर खूप विचार करणं' या अर्थानेही वापरला जातो.

वेळ किती लागायचा याचं एक मोठं उदाहरण बीजिंगच्या राजवाड्यात आहे. अठराव्या शतकात सम्राट छ्येनलोंग यांनी जेडच्या एका प्रचंड शिळेतून एक अख्खा डोंगर घडवून घेतला. पुराणपुरुष राजा यू पुराचं पाणी आवरतो आहे, असा तो देखावा. उंची २ मीटरहून जास्त आणि वजन ५ टनांच्या घरात. शिनजियांगहून ही शिळा बीजिंगला आणायलाच काही वर्षं गेली. नंतर ती दक्षिणेत यांगचौच्या कारागिरांकडे पाठवली गेली. काम पूर्ण झालं १७८७ मध्ये.

या देखाव्यातही संदेश होता. पुरावर विजय मिळवणारा राजा यू हा चिनी परंपरेतला आदर्श राजा. छ्येनलोंग यांनी १७५९ मध्ये शिनजियांग जिंकलं होतं. त्याच प्रदेशातल्या दगडावर यूची कथा कोरून घेताना आपण त्याच रांगेतले आहोत, हे त्यांना सांगायचं होतं.

सोन्यापेक्षा जेड मोठं का मानलं गेलं?

चीनमध्ये जेडचा इतिहास सम्राटांच्याही आधीचा आहे. आजच्या हांगचौ शहराजवळ लियांगझू नावाची संस्कृती इसवी सनपूर्व ३३०० ते २३०० या काळात नांदत होती. तिथल्या मोठ्या लोकांच्या कबरींमध्ये जेडच्या वस्तूंच्या राशी सापडल्या. त्यांत दोन आकार पुन्हा पुन्हा दिसतात. मध्ये भोक असलेली गोल चकती, तिला 'बी' म्हणतात. आणि बाहेरून चौकोनी, आतून गोल पोकळ असा 'त्सोंग'. नंतरच्या काळात चकती आकाशाशी आणि चौकोनी त्सोंग पृथ्वीशी जोडला गेला. लियांगझूचे अवशेष २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत आले.

पुढे कन्फ्यूशियसच्या परंपरेने या दगडाला नैतिक अर्थ दिला. सज्जन माणूस जेडसारखा असावा, असं त्या परंपरेतले ग्रंथ सांगतात. स्पर्शाला मृदू, पण आतून कणखर. कडा असल्या तरी त्या कुणाला कापत नाहीत. दोष असेल तर तो लपत नाही, आरपार दिसतो. इसवी सन १०० च्या सुमाराच्या एका प्रसिद्ध चिनी शब्दकोशात तर जेडची व्याख्याच 'पाच सद्गुण असलेला सुंदर दगड' अशी केली आहे. सोनं श्रीमंती दाखवायचं, जेड माणसाचं चारित्र्य दाखवायचं.

या श्रद्धेचं एक टोकाचं रूपही आहे. हान राजवटीत असा समज होता की जेडमुळे मृतदेह कुजत नाही. १९६८ मध्ये हबेई प्रांतातल्या मानचंग इथे राजपुत्र ल्यू शंग यांची कबर सापडली. त्यांचा मृत्यू इसवी सनपूर्व ११३ चा. त्यांचा देह जेडच्या सुमारे २,५०० तुकड्यांच्या पोशाखात डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेला होता. हे तुकडे सोन्याच्या तारेने एकमेकांना शिवले होते आणि त्यासाठी सुमारे एक किलो सोनं लागलं होतं. पोशाख टिकला. देह मात्र मातीला मिळाला होता.

एका दगडासाठी दोन पाय गमावलेला माणूस

चीनमधल्या शाळकरी मुलांनाही माहीत असलेली एक जुनी गोष्ट आहे. छू राज्यातल्या बियान-हे नावाच्या माणसाला डोंगरात एक ओबडधोबड दगड सापडला. आत उत्तम जेड आहे हे त्याने ओळखलं आणि तो दगड राजाला नेऊन दिला. राजाच्या जवाहिऱ्यांनी सांगितलं, हा साधा दगड आहे. फसवल्याची शिक्षा म्हणून बियान-हेचा एक पाय तोडण्यात आला. पुढच्या राजाकडे तो पुन्हा गेला. दुसरा पायही गेला.

तिसरा राजा गादीवर आला तेव्हा बियान-हे डोंगराच्या पायथ्याशी दगड उराशी धरून रडत बसला होता. पाय गेले म्हणून रडतोस का, असं विचारल्यावर तो म्हणाला की खऱ्या रत्नाला दगड आणि सच्च्या माणसाला लबाड ठरवलं गेलं, याचं दुःख आहे. शेवटी तो दगड फोडला गेला आणि आत निर्दोष जेड निघालं. त्यातून घडवलेल्या चकतीच्या बदल्यात पुढे एका राजाने १५ शहरं देऊ केली, असं कथा सांगते. अत्यंत मौल्यवान गोष्टीला 'शहरांच्या मोलाची' म्हणण्याची चिनी पद्धत इथूनच आली.

ही कथा आजही लागू पडते, कारण जेडचा कच्चा दगड आजही बाहेरून काहीच सांगत नाही. त्याच्यावर जाड, मातकट साल असते. आत काय आहे हे कापल्याशिवाय कळत नाही. चीन आणि म्यानमारच्या बाजारात असे न कापलेले दगड अंदाजाने विकत घेतले जातात. चिनी भाषेत या व्यवहाराचं नावच 'दगडाचा जुगार' असं आहे.

चित्र बघू नका, त्याचं नाव मोठ्याने म्हणा

आता मूळ प्रश्न. नक्षी वाचायची कशी?

शाळेत आपण श्लेष अलंकार शिकलो. एकच शब्द आणि त्याचे दोन अर्थ. चिनी भाषेत श्लेषाला प्रचंड वाव आहे. प्रमाण चिनी भाषेत स्वरांचे चढ-उतार सोडले तर जेमतेम ४०० च्या आसपास वेगवेगळी अक्षरं, म्हणजे उच्चार, आहेत. शब्द मात्र हजारो. त्यामुळे अगदी वेगळ्या अर्थांचे शब्द कानाला सारखेच वाटतात. लिहिताना त्यांची चिन्हं वेगळी असतात, बोलताना फरक राहत नाही.

कारागिरांनी याचाच उपयोग केला. 'सुख' कोरता येत नाही, पण 'सुख' या शब्दासारखं नाव असलेला प्राणी कोरता येतो. म्हणून नक्षीतल्या वस्तूचं चिनी नाव मोठ्याने म्हटलं की अर्थ उघडतो. काही नेहमीची उदाहरणं पाहू.

वटवाघूळ. आपल्याकडे वटवाघूळ दिसलं की अनेकांना अपशकून वाटतो. चिनी जेडवर ते अत्यंत शुभ आहे. कारण त्याच्या नावातला 'फू' आणि सुख-समृद्धी या अर्थाचा 'फू' यांचा उच्चार एकच आहे. पाच वटवाघळं एकत्र असतील तर ती पाच सुखं. दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य आणि मनःशांती, सदाचाराची आवड आणि आयुष्य पूर्ण जगून आलेलं शांत मरण. वटवाघूळ उलटं लटकलेलं असेल तर आणखी चांगलं, कारण 'उलटं' आणि 'येऊन पोहोचलं' हे शब्दही सारखे ऐकू येतात. म्हणजे सुख घरी आलं.

वटवाघूळ आणि भोकाचं नाणं. जुन्या चिनी नाण्याला मध्ये भोक असायचं. त्या भोकाला 'डोळा' म्हणतात. 'नाणं' आणि 'समोर' हे शब्द सारखे. सगळं जोडून वाचलं की होतं, 'सुख डोळ्यांसमोर आहे'.

मासा. मासा म्हणजे 'यू'. शिल्लक राहणं, पुरून उरणं यालाही 'यू'. म्हणून मासा म्हणजे बरकत. त्याच्यासोबत कमळ असेल तर कमळाचा 'लियेन' आणि 'सलग' या अर्थाचा 'लियेन' एकत्र येतात. अर्थ होतो, 'वर्षानुवर्षं घरात पुरून उरो'. सोनेरी मासा असेल तर त्याचं नाव 'सोनं आणि जेड' या शब्दांसारखं ऐकू येतं. घर दोन्हींनी भरलेलं असावं, ही ती इच्छा.

हरीण. हरीण म्हणजे 'लू' आणि सरकारी अधिकाऱ्याचा पगार म्हणजेही 'लू'. शतकानुशतकं कठीण सरकारी परीक्षा देणाऱ्या समाजात हे मागणं किती घराघरांतलं असेल, हे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

घोड्यावर बसलेलं माकड. दिसायला विनोदी, पण अर्थ बढतीचा. 'घोड्यावर' याच शब्दाचा दुसरा अर्थ 'लगेच' असा आहे. माकड आणि सरदार या दोन्हींना 'हौ' म्हणतात. म्हणजे 'लवकरच सरदारकी मिळो'. आजच्या भाषेत, लवकर प्रमोशन होवो.

फुलदाणी. फुलदाणी म्हणजे 'पिंग' आणि शांतता, सुखरूपपणा यातलाही 'पिंग' तसाच. म्हणून फुलदाणीच्या आकाराचं लटकन प्रवासाला निघणाऱ्याला दिलं तर त्याचा अर्थ 'सुखरूप राहा'.

सगळ्याच चिन्हांमागे श्लेष नाही. काहींमागे निसर्गाचं निरीक्षण आहे. डाळिंबात खूप दाणे असतात, म्हणून ते भरपूर मुलाबाळांचं चिन्ह. पीच हे फळ अमर देवतांच्या कथांमुळे दीर्घायुष्याचं. सिकाडा, म्हणजे उन्हाळ्यात झाडावर बसून कर्कश आवाज करणारा कीटक, वर्षानुवर्षं जमिनीखाली राहून बाहेर येतो आणि कात टाकतो. म्हणून हान काळात जेडचा छोटा सिकाडा मृताच्या जिभेवर ठेवत. पुन्हा जन्म मिळावा यासाठी.

मग कोबीचा अर्थ काय?

तैपेईचा कोबी बीजिंगच्या राजवाड्यातल्या एका महालात होता. तिथे सम्राट ग्वांगशू यांच्या उपपत्नी जिन राहत. त्यांचं लग्न १८८९ मधलं. त्यांच्या रुखवतात हा कोबी आला असावा, असं मानलं जातं.

तसं धरलं तर नक्षी सरळ वाचता येते. कोबीचा पांढरा देठ म्हणजे नवरीची निर्मळता. नाकतोडा आणि टोळ शेकड्यांनी अंडी घालतात, म्हणून ते भरपूर संततीचं चिन्ह. किशोरवयात राजवाड्यात आलेल्या मुलीकडून घराण्याची काय अपेक्षा आहे, हे त्या कोबीवर कोरलेलं होतं. प्रत्यक्षात जिन यांना मूल झालं नाही. सम्राट ग्वांगशू यांनाही वारस नव्हता. २३ वर्षांनी, १९१२ मध्ये, चीनमधली राजेशाहीच संपली.

आज बाजारात जेडचा कोबी मिळतो तो वेगळ्या अर्थाने. कोबी म्हणजे 'बायत्साय' आणि 'शंभर प्रकारची संपत्ती' याचा उच्चारही जवळपास तसाच. म्हणून आता तो दुकानाच्या गल्ल्याजवळ ठेवतात. वस्तू तीच, पण रुखवतातलं मागणं वेगळं होतं आणि गल्ल्यावरचं वेगळं आहे.

कोबीबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तो ज्या दगडातून घडवला, तो निर्दोष नव्हता. अर्धा पांढरा, अर्धा हिरवा, त्यात भेगा आणि डाग. त्यातून बांगडी किंवा भांडं केलं असतं तर ते कमअस्सल ठरलं असतं. कारागिराने पांढऱ्या भागाचा देठ केला, हिरव्याची पानं केली आणि भेगा पानांच्या शिरांमध्ये लपवल्या. दगडाच्या नैसर्गिक रंगाचा असा उपयोग करणं ही चिनी जेडकामातली मोठी कला मानली जाते. या कारागिराचं नाव मात्र कुठेही नोंदलेलं नाही.

भारताशी काय संबंध?

खोतानचं जेड फक्त पूर्वेला गेलं नाही. ते डोंगर ओलांडून मुघल दरबारातही आलं. फारसीत त्याला 'यशम' म्हणत. जहांगीर आणि शाहजहान यांच्या काळात या दगडाचे प्याले, खंजिरांच्या मुठी, दागिने घडवले गेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये शाहजहानचा पांढऱ्या जेडचा प्याला आहे. तो १६५७ चा आहे. एका टोकाला बकऱ्याचं डोकं आणि तळाला कमळाच्या पाकळ्या असा त्याचा आकार.

गंमत म्हणजे हे भारतीय काम पुढे चीनच्या सम्राटांना वेड लावून गेलं. ज्या छ्येनलोंग यांनी जेडचा डोंगर घडवून घेतला, तेच 'हिंदुस्तानी' जेडचे मोठे चाहते होते. प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ भांडी, पानाफुलांची नाजूक नक्षी, सोन्याच्या तारेत बसवलेली माणकं. यावर त्यांनी कविता लिहिल्या आणि त्या भांड्यांवर कोरूनही घेतल्या. त्यातली अनेक भांडी आज तैपेईच्या त्याच म्युझियममध्ये आहेत, जिथे तो कोबी आहे.

हे सगळं बघायला तैपेईलाच जायला हवं असं नाही. हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये जेडचं स्वतंत्र दालन आहे आणि तिथे जहांगीर व नूरजहानशी जोडलेले जेडच्या मुठीचे खंजीर आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाने दिलेल्या संग्रहात चिनी कलावस्तू आणि जेडकाम आहे. पुढच्या वेळी तिथे गेलात तर नक्षीत वटवाघूळ सापडतं का ते शोधा.

ऑनलाइन 'लकी जेड' घेताय? हे आधी वाचा

इन्स्टाग्रामवर जेडची ब्रेसलेट, कासवं, 'धन खेचणारे' प्राणी यांच्या जाहिराती सतत दिसतात. काही गोष्टी लक्षात ठेवा.

जेडाइटचे बाजारात ढोबळ प्रकार मानतात. 'ए' म्हणजे फक्त पॉलिश आणि मेण लावलेला नैसर्गिक दगड. 'बी' म्हणजे ॲसिडमध्ये बुडवून डाग काढलेला आणि मोकळ्या झालेल्या जागी पॉलिमर भरलेला. 'सी' म्हणजे रंग दिलेला. 'बी' सुरुवातीला चकाचक दिसतो, पण काळानुसार त्यातला पॉलिमर पिवळा पडू शकतो. जेड घालणाऱ्याच्या तब्येतीनुसार रंग बदलतं, असं काही विक्रेते सांगतात. रंग बदलण्यामागे बऱ्याचदा असं एखादं साधं कारण असतं.

नाव पाहूनही फसू नका. 'इंडियन जेड' म्हणून विकला जातो तो बहुतेकदा ॲव्हेंच्युरीन, म्हणजे क्वार्ट्झचा हिरवा प्रकार. 'न्यू जेड' म्हणजे सर्पेंटाइन, जो जेडपेक्षा मऊ असतो. हे दगड वाईट नाहीत, स्वस्त आणि सुंदर आहेत. फक्त ते जेड नाहीत. चाकूने ओरखडा काढून बघणं, दाताला लावून बघणं यांवर विसंबू नका. महाग वस्तू घेत असाल तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा.

अस्सल, पारदर्शक, गडद हिरव्या जेडाइटची किंमत कुठे जाऊ शकते? २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २७ मण्यांचा एक हार २ कोटी ७० लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला. त्यामुळे ९९९ रुपयांत 'इम्पीरियल जेड' मिळत असेल, तर ते काय असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

ही हिरवाई येते कुठून?

जगातलं सर्वोत्तम जेडाइट म्यानमारच्या काचिन राज्यातल्या फाकांत भागातून येतं. तिथे यंत्रांनी डोंगर पोखरले जातात आणि निरुपयोगी मातीचे प्रचंड ढिगारे रचले जातात. मोठ्या कंपन्यांच्या नजरेतून सुटलेला एखादा तुकडा मिळेल या आशेने हजारो गरीब मजूर त्या ढिगाऱ्यांवर चढतात. ते देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेले असतात. एक चांगला दगड मिळाला तर आयुष्य बदलेल, हा हिशोब.

नोव्हेंबर २०१५ मध्ये असा एक ढिगारा कोसळून १०० हून अधिक लोक मेले. २ जुलै २०२० ला ऐन पावसाळ्यात आणखी मोठी दरड खाणीतल्या तळ्यात कोसळली. त्यातून उठलेल्या चिखलाच्या लाटेत १७० हून अधिक लोक गेले.

या धंद्यात पैसा किती आहे? 'ग्लोबल विटनेस' या संस्थेने २०१५ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, २०१४ या एका वर्षात म्यानमारच्या जेडचं मूल्य ३१ अब्ज डॉलरपर्यंत असू शकतं. देशाच्या अर्थव्यवस्थेच्या जवळपास निम्मं. पण यातला मोठा भाग लष्कराशी संबंधित कंपन्या, सशस्त्र गट आणि तस्करांकडे जातो. काचिनमधल्या सशस्त्र संघर्षाला या पैशाचं बळ मिळतं. २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिकेने म्यानमारच्या सरकारी रत्न कंपनीवर निर्बंध लादले. तरी दगडाचा मोठा ग्राहक शेजारीच आहे. चीनच्या सीमेवरचं रुईली शहर आज जेडच्या लाइव्हस्ट्रीम विक्रीसाठी ओळखलं जातं. विक्रेता मोबाइलसमोर दगड टॉर्च लावून दाखवतो आणि शेकडो किलोमीटरवरचा ग्राहक घरबसल्या बोली लावतो. दगड कुठल्या ढिगाऱ्यातून, कुणी वेचून आणला, हे त्या स्क्रीनवर दिसत नाही.

नक्षीच नसलेलं जेड

चिनी जेडमध्ये एक प्रकार असा आहे, ज्यावर काहीच कोरलेलं नसतं. एक साधी, गुळगुळीत, आयताकृती पट्टी. तिला 'वूशी पाय' म्हणतात. इथेही श्लेषच आहे. 'नक्षी नाही' आणि 'काही विघ्न नाही' हे दोन्ही शब्द चिनीत जवळपास एकसारखे उच्चारले जातात. म्हणून कोरी पट्टी म्हणजे 'काहीही वाईट न घडो'.

आई-वडील ती शिकायला दूर निघालेल्या मुलाच्या गळ्यात घालतात. संपत्ती, बढती, सरदारकी यातलं काहीच त्यात मागितलेलं नाही. फक्त सुखरूप घरी ये, एवढंच. जेडवरच्या सगळ्या मागण्यांमध्ये हे सगळ्यात साधं मागणं असेल.

फाकांतच्या ढिगाऱ्यावर चढणाऱ्या मजुराच्या घरीही कुणीतरी रोज संध्याकाळी तेच मागत असतं.